गुणवत्ता हाताची की पत्त्याची?

आयव्ही लीग हे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते आयव्ही लीगमधले, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु हे नाव विद्वत्तेच्या दरबारातून आलेले नाही, खेळाच्या मैदानावरून आलेले आहे. ईशान्य अमेरिकेतील आठ विद्यापीठांनी आपसात सामने खेळण्यासाठी जो गट केला त्याचे हे नाव. १९५४ साली हा गट रीतसर बांधला गेला. अमेरिकेत अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. कोणी कोणाशी खेळायचे आणि दूरचित्रवाणीचा पैसा कोणाच्या पदरात किती पडायचा, हे कॉन्फरन्स ठरवते. आणि कोणत्या पोराचे नाव पुढे व्यावसायिक खेळात पुकारले जाईल, हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते. आज आम्ही या विषयावर लिहीत आहोत, कारण ‘गुणवत्ता’ नावाची गोष्ट कशी घडवली जाते हे तिथे वर्ष आणि क्रमांकासह उघड वाचायला मिळते.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. अकरा जणांच्या संघाने लांबट चेंडू हातात धरून पळत किंवा फेकत पुढे न्यायचा असतो. या अकरांमध्ये एक जण सूत्रधार असतो. चेंडू आधी त्याच्या हाती येतो. कोणाला द्यायचा, कोणाकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. या जागेला क्वार्टरबॅक म्हणतात. बाकीच्यांनी अंगमेहनत करायची आणि याने डोके चालवायचे, अशी या जागेची ख्याती. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, ही या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिच्यात ३२ संघ आहेत. दरवर्षी एप्रिल महिन्यात हे संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात, अडीचशेच्या आसपास नावे पुकारली जातात. २०२३ साली ब्राइस यंग यांचे नाव सर्वांत पहिले आले, त्यांचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलरचा झाला. २०२२ साली ब्रॉक पर्डी यांचे नाव अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर आले, त्यांचा करार सुमारे ३७ लाख डॉलरचा. म्हणजे अंतर दहा पटींचे. त्याहून मोठे अंतर संधीचे असते. पहिल्या फेरीत निवडलेला क्वार्टरबॅक दोन हंगाम चुकला तरी संघ त्याला सांभाळून घेतो, कारण त्याच्यावर पैसा लावलेला असतो. सातव्या फेरीतला एका उन्हाळी सरावातच घरी जाऊ शकतो.

आता निवड कोठून होते ते पाहा. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये २५७ खेळाडू निवडले गेले. त्यांतले ७९ साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे, आणि ७१ बिग टेनचे. देशभर एवढ्या कॉन्फरन्स असताना दोघींनी मिळून दीडशे नावे नेली, निम्म्याहून अधिक. २०२४ साली पहिल्या बारा क्रमांकांत सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. सहाही जण तेव्हाच्या पाच बड्या कॉन्फरन्समधले होते. बिग टेनने २०२२ साली दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. २०२४ साली जुन्या पॅसिफिक कॉन्फरन्समधली बारापैकी दहा विद्यापीठे बड्या शेजाऱ्यांकडे निघून गेली. पैसा पैशाकडे जातो आणि खेळाडू त्याच्या मागून जातो.

यावर गुणवत्तावाल्यांचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, बड्या कॉन्फरन्समध्ये दर आठवड्याला देशातील सर्वांत वेगवान बचावफळी समोर येते. तिच्यापुढे जो चेंडू अचूक फेकतो त्याची पारख झालेली असते. लहान कॉन्फरन्समध्ये एखाद्याने ढीगभर विक्रम केले तरी समोर कोण होते, हा प्रश्न उरतोच. आम्ही हे म्हणणे झटकून टाकत नाही. त्यात तथ्य आहे. कच्च्या प्रतिस्पर्ध्यापुढे मिळवलेले आकडे फुगतात, आणि पारख करणाऱ्याला तुलना करायला काहीतरी माप लागतेच. पण आमचा प्रश्न मापाच्या आधीचा आहे. हे माप ज्या मैदानावर घेतले जाते, त्या मैदानाच्या फाटकातून आत कोणाला सोडले होते?

कोलंबियाचेच उदाहरण घ्या. १९३९ च्या ड्राफ्टमध्ये कोलंबियाचे सिड लकमन दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले आणि पुढे शिकागो बेअर्सचे नामांकित क्वार्टरबॅक झाले. तेव्हा त्या पत्त्याला वजन होते. नंतर आयव्ही लीगने खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असे ठरवले, मोठा पैसा दुसरीकडे वळला आणि पत्त्याचे वजन उतरले. २००५ साली हार्वर्डचे रायन फिट्झपॅट्रिक निवडले गेले ते सातव्या फेरीत, २५० व्या क्रमांकावर. पुढे ते सतरा हंगाम एनएफएलमध्ये टिकले. म्हणजे पत्त्याची किंमत कायमची नसते, काळ आणि पैसा ती ठरवतात.

लकमन निवडले गेले त्याच १९३९ साली कॅलिफोर्नियात यूसीएलए या विद्यापीठाकडून केनी वॉशिंग्टन खेळत होते. त्या हंगामात धावणे आणि फेकणे मिळून देशात सर्वाधिक मजल त्यांची होती. विद्यापीठ मोठे, कॉन्फरन्सही मोठी. तरी १९४० च्या ड्राफ्टमध्ये त्यांचे नाव कोणी घेतले नाही. कारण ते कृष्णवर्णीय होते, आणि १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ साली वॉशिंग्टन आत आले तेव्हा उमेदीची वर्षे सरली होती.

दक्षिणेत तर भिंतच होती. एसईसी १९३२ साली स्थापन झाली. तिच्या मैदानावर पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू उतरला तो १९६७ साली, केंटकी विद्यापीठाचे नेट नॉर्थिंग्टन. मधली पस्तीस वर्षे दक्षिणेतील काळी पोरे कुठे खेळत होती? ती आपल्या समाजाच्या महाविद्यालयांत खेळत होती. ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट, अल्कॉर्न, सदर्न या संस्था साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे स्वॅकमध्ये खेळत. ही कॉन्फरन्स १९२० ची, एसईसीपेक्षा बारा वर्षांनी जुनी. ग्रॅम्बलिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत एकाच संस्थेत राहून ४०८ सामने जिंकले आणि दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांना दिले. म्हणजे हात होते आणि ते घडवणारे गुरूही होते. कमी होती ती पत्त्याच्या प्रतिष्ठेची, आणि ती प्रतिष्ठा ज्यांच्या ताब्यात होती त्यांनीच दार लावून घेतले होते.

१९६८ चा ड्राफ्ट या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ओकलंडच्या संघाने पहिल्या फेरीत टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे क्वार्टरबॅक एल्ड्रिज डिकी यांना निवडले. दुसऱ्या फेरीत अलाबामाचे, म्हणजे एसईसीचे, क्वार्टरबॅक केन स्टेबलर यांना निवडले. पहिल्या फेरीतला मोठा की दुसऱ्या फेरीतला? हिशेबाने पहिल्या फेरीतला. पण डिकींना चेंडू झेलणाऱ्याच्या जागेवर पाठवले गेले. क्वार्टरबॅक म्हणून नियमित हंगामातला एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. स्टेबलर यांनी त्याच संघाला जगज्जेतेपद मिळवून दिले. स्टेबलर यांचे कर्तृत्व आम्ही कमी लेखत नाही. डिकींचे कर्तृत्व काय ठरले असते हे मात्र जगाला कधीच कळणार नाही. त्याच वर्षी डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को यांना संघ अडचणीत आल्यावर क्वार्टरबॅकची जागा मिळाली. त्यांनी १४ टचडाउन फेकले. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या संघात चेंडू झेलत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकसमोर एक नव्हे, दोन फाटके होती. पहिल्या फाटकावर पत्ता विचारला जात असे. दुसऱ्या फाटकावर, ही जागा तुझ्यासारख्याची नव्हे, असे सांगितले जात असे. धाव, झेल, अडव, आदळ, पण विचार करण्याचे काम आमच्याकडे ठेव. पाय त्यांचे घ्यायचे आणि डोके नाकारायचे, ही रीत आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७८ चा ड्राफ्ट ही दोन्ही फाटके एकाच वेळी दाखवतो. ग्रॅम्बलिंगचे डग विल्यम्स स्वॅकमधून आले आणि टँपा बेच्या संघाने त्यांना सतराव्या क्रमांकावर घेतले. क्वार्टरबॅकची जागा न बदलता पहिल्या फेरीतून एनएफएलमध्ये स्थिरावलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी वॉरन मून यांचे नावच पुकारले गेले नाही. मून कोणत्या लहान गावातून आले नव्हते. वॉशिंग्टन विद्यापीठाला, म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बड्या कॉन्फरन्सला, त्यांनी जानेवारी १९७८ मध्ये रोझ बाउल जिंकून दिला होता आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तेच ठरले होते. पत्ता उत्तम असूनही जागा सोडायला ते तयार नव्हते. ते कॅनडात गेले. एडमंटनच्या संघाने सलग पाच विजेतेपदे मिळवली. १९८४ साली एनएफएलने त्यांना बोलावले आणि २००६ साली गौरव दालनात स्थान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले. एसईसीमधले पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, टेनेसीचे कॉन्ड्रेज होलोवे, यांचेही असेच झाले. १९७५ साली त्यांची निवड बाराव्या फेरीत झाली आणि तीही बचावफळीतला खेळाडू म्हणून. तेही कॅनडात गेले.

डग विल्यम्स यांनी ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या संघाला ४२-१० असा विजय मिळवून देऊन सुपर बाउल जिंकला. एका सत्रात चार टचडाउन फेकले. स्वॅकमधल्या पोराला मोठ्या प्रतिस्पर्ध्यापुढे जमेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी देशातील सर्वांत मोठ्या मैदानावर दिले.

पण एका उत्तराने प्रश्न विचारणारे गप्प बसत नाहीत. मिसिसिपी व्हॅली स्टेट या स्वॅकमधल्या छोट्या विद्यापीठात विली टॉटन चेंडू फेकत आणि जेरी राइस झेलत. १९८४ च्या हंगामात टॉटन यांनी ५६ टचडाउन फेकले. १९८५ साली राइस पहिल्या फेरीत सोळाव्या क्रमांकावर निवडले गेले आणि या खेळातील सर्वश्रेष्ठ झेलकरी म्हणून ओळखले गेले. पुढच्या वर्षी टॉटन यांचे नाव कोणीही घेतले नाही. तेच मैदान, तीच कॉन्फरन्स, तेच प्रतिस्पर्धी. झेलणाऱ्या हाताची पारख त्या पत्त्यावरून झाली, फेकणाऱ्याची झाली नाही. टॉटन व्यावसायिक पातळीवर कसे खेळले असते, याची ग्वाही आम्ही देत नाही. एवढेच म्हणतो की समोर कोण होते हा प्रश्न खरा असता तर तो दोघांनाही विचारला गेला असता. आज त्या विद्यापीठाच्या मैदानाला दोघांचेही नाव आहे. संस्थेने दोघांनाही लक्षात ठेवले.

स्टीव्ह मॅकनेअर यांची गोष्ट तर या सगळ्याचा गाभा आहे. मिसिसिपीतला हा गरीब घरातला मुलगा शाळेतून बाहेर पडला तेव्हा बड्या विद्यापीठांना तो हवा होता, पण बचावफळीत. त्याला क्वार्टरबॅकच व्हायचे होते. म्हणून त्याने स्वॅकमधले अल्कॉर्न स्टेट पत्करले. जागा हवी तर पत्ता सोड, पत्ता हवा तर जागा सोड, असा हा सौदा होता. आणि जागा राखण्यासाठी लहान पत्ता पत्करला की ड्राफ्टच्या दिवशी तोच पत्ता दाखवून म्हणायचे, तुझी पारख झालेली नाही! मॅकनेअर या कोंडीतून सुटले, १९९५ साली ते तिसऱ्या क्रमांकावर निवडले गेले आणि २००३ च्या हंगामाचे संयुक्त सर्वोत्तम खेळाडू ठरले. पण सुटण्यासाठी त्यांना विक्रमांचा डोंगर रचावा लागला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च अशा हाइजमन पुरस्काराच्या मतदानात १९९४ साली ते तिसरे आले होते. डोंगर न रचता केवळ चांगले खेळलेले किती जण मागे राहिले असतील, त्यांची यादी कोणाकडे नाही.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मग २०१८ चा ड्राफ्ट पाहा. जोश ॲलन हे वायोमिंगचे, माउंटन वेस्ट या दुय्यम समजल्या जाणाऱ्या कॉन्फरन्समधले. त्यांच्या शंभर फेकींपैकी जेमतेम छप्पन्न जागेवर पोचत. उंची आणि मनगटातली ताकद पाहून संघांनी पत्त्याकडे दुर्लक्ष केले आणि त्यांना सातव्या क्रमांकावर घेतले. लमार जॅक्सन हे लुईव्हिलचे, अटलांटिक किनाऱ्यावरच्या बड्या कॉन्फरन्समधले. २०१६ चा हाइजमन पुरस्कार त्यांच्या नावावर, फेकीतली अचूकता जवळपास ॲलन यांच्याएवढीच. त्यांना एनएफएलमधल्या एका माजी व्यवस्थापकाने जाहीर सल्ला दिला की क्वार्टरबॅक सोडा, चेंडू झेला. ते बत्तिसाव्या क्रमांकावर, पाचवे क्वार्टरबॅक म्हणून निवडले गेले. पुढे दोघेही हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, जॅक्सन दोनदा, २०१९ आणि २०२३ साली, आणि ॲलन २०२४ साली. दोघांच्याही कर्तृत्वाला आमचा सलाम. ॲलन यांच्यासाठी पत्त्याची अट सैल झाली याचे आम्हाला दुःख नाही, आनंदच आहे. तसे सगळ्यांसाठी व्हावे. पण पत्ता हाच निकष असेल तर जॅक्सन वर असायला हवे होते. हात हाच निकष असेल तर दोघे शेजारी असायला हवे होते.

बदल झाला आहे, हेही आम्ही मोकळेपणाने मांडतो. २०२३ च्या ड्राफ्टमधील पहिल्या चार नावांत तीन कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होते, ब्राइस यंग, सी. जे. स्ट्राउड आणि अँथनी रिचर्डसन. त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स सुपर बाउलमध्ये समोरासमोर आले, दोन्हीकडे कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असण्याची ती पहिली वेळ. दुसरे फाटक बरेचसे उघडले. पण यंग, स्ट्राउड, रिचर्डसन हे तिघेही एसईसी आणि बिग टेनमधले आहेत. पहिले फाटक जागच्या जागी आहे, नव्हे, अधिक भक्कम झाले आहे. एसईसीने काळ्या खेळाडूंना दार उघडले तेव्हा खेळाडू आत गेले, त्यांना घडवणाऱ्या संस्था बाहेरच राहिल्या. २०२१ आणि २०२४ या दोन वर्षांत कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांतील एकाही खेळाडूचे नाव ड्राफ्टमध्ये आले नाही. ज्या संस्थांनी विल्यम्स, राइस आणि मॅकनेअर दिले त्यांच्या वाट्याला शून्य.

आता विद्यापीठ बदलणे सोपे झाले आहे. कॅम वॉर्ड यांना शाळेतून बाहेर पडताना कोणी विचारत नव्हते. ते टेक्सासमधल्या इन्कार्नेट वर्ड या लहान विद्यापीठात खेळले, तिथून वॉशिंग्टन स्टेटला, तिथून मायामीला गेले आणि २०२५ साली पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. दर पायरीवर त्यांचा खेळ सुधारला हे खरे. पण पायऱ्या चढल्याशिवाय तो खेळ पाहिला गेला नसता, हेही तितकेच खरे. शेडूर सँडर्स जॅक्सन स्टेटहून कोलोरॅडोला, म्हणजे बड्या कॉन्फरन्सला गेले, तरी २०२५ साली त्यांचे नाव पाचव्या फेरीत १४४ व्या क्रमांकावर आले. त्याची कारणे अनेक सांगितली जातात, सगळी पत्त्यात सापडणार नाहीत. पण लहान संस्थेने पोराला घडवायचे आणि नाव लागायची वेळ आली की त्याने मोठ्या पत्त्यावर निघून जायचे, ही आता रीतच झाली आहे. पोराला दोष कसा द्यावा? त्याच्यापुढे चार वर्षांचे आयुष्य आणि दहा पटींचा फरक आहे.

म्हणून आम्हाला जेम्स हॅरिस आणि डग विल्यम्स यांचे नंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. दोघेही ग्रॅम्बलिंगचे, दोघांनीही फाटकाबाहेरचे उन्ह सोसलेले. हॅरिस १९६९ साली आठव्या फेरीत निवडले गेले होते. या दोघांनी २००९ साली कृष्णवर्णीय महाविद्यालयीन फुटबॉलचे स्वतंत्र गौरव दालन उभे केले. त्या संस्थेच्या पुढाकाराने २०२२ पासून न्यू ऑर्लिन्समध्ये या महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंचा खास सामना भरवला जाऊ लागला. एनएफएलचे पारखी त्या मैदानावर येतात. आम्हाला का बोलावत नाही, असा सवाल करून ते थांबले नाहीत. तुम्ही आमच्या अंगणात या आणि डोळ्यांनी पाहा, असे त्यांनी सांगितले. समाजाच्या पोरांसाठी संस्था उभी करणे म्हणजे काय, हे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिलेल्या चळवळीला वेगळे सांगायला नको.

एका सामन्याने शंभर वर्षांचे माप बदलणार नाही. बड्या कॉन्फरन्सच्या पैशापुढे ती मूठभर माती आहे. पण पारख करणाऱ्याला फाटकाबाहेर यायला लावणे, हीच सुरुवात असते. कोणी गुणवत्तेचा आकडा तोंडावर फेकला तर वाचकांनी आधी विचारावे, हा आकडा कोणत्या मैदानावर काढला आणि त्या मैदानात कोणाला सोडले होते? विली टॉटन यांना हा प्रश्न कोणी विचारू दिला नाही. आपण तो विचारत राहिले पाहिजे.